डोळ्यांत तेल घालून

मंडळाच्या ग्रुपवर या महिन्यात सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "डॉक्टर, डोळ्यांत तूप घातलं तर चालेल का?" विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले. कुणी बंगळूरच्या कंपनीचं काम विद्यानगरात घरी बसून करतंय, कुणी परीक्षेच्या तयारीत आहे, कुणाची रात्रपाळी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. तक्रार सगळ्यांची सारखीच. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी आग होते, सकाळी पापण्या चिकटल्यासारख्या वाटतात. दवाखान्यात निम्मे जण मराठीत सुरुवात करतात आणि नेमक्या दुखण्यापाशी येऊन "कण्णु उरी" म्हणतात. मलाही तोच शब्द आवडतो. 'डोळ्यांची आग' म्हणण्यापेक्षा त्यात जास्त आग आहे.

'डोळ्यांत तेल घालून' हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे आणि तो वाक्प्रचारच राहू द्यावा, इतकं थोडक्यात उत्तर आधी देऊन ठेवतो. आता सविस्तर.

पुष्कळ जण मला सांगतात, "माझे डोळे कोरडे कसे असतील? उलट सारखं पाणी येतंय." कोरड्या डोळ्यांतूनच पाणी येतं. आपले अश्रू म्हणजे नुसतं पाणी नसतं. डोळ्याला चिकटून बुळबुळीत श्लेष्माचा एक पातळ थर असतो, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेलाचा अगदी सूक्ष्म पडदा. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं आणि पाण्याची वाफ होऊ देत नाही. तेल कमी पडलं किंवा घट्ट झालं की पाणी भराभर उडून जातं, डोळ्याचा पृष्ठभाग उघडा पडतो, झोंबतो, आणि मेंदू घाबरून पाण्याचा लोंढा पाठवतो. तो लोंढा गालावर ओघळतो, डोळ्यावर टिकत नाही. कोरड्या डोळ्यांचे बहुतेक रुग्ण या प्रकारातले असतात. पाणी तयार होतं, पण थांबत नाही.

हे तेल पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर डोळ्यावर पसरतं. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावून बसलं की हा आकडा पाच-सातवर येतो, आणि ज्या मिटतात त्याही अर्धवट. शेजारी बसलेल्या भावाच्या किंवा बहिणीच्या पापण्या तिला न सांगता एक मिनिट मोजून बघा. स्वतःच्या मोजू नका, मोजायला लागलं की आपण मुद्दाम मिटायला लागतो.

त्यात आपलं गाव. धारवाड मलनाडाच्या उंबरठ्यावर, हुबळी बयलुसीमेच्या. उन्हाळ्यात कोरडा वारा, वर्षभर कुठल्या ना कुठल्या रस्त्याचं खोदकाम, आणि चन्नम्मा सर्कलवरून स्कूटरने विद्यानगरला येईपर्यंत चष्म्यावर साचलेली धूळ. घरी आल्यावर डोक्यावर पंखा पाचवर. डोळ्यांनी काय करावं?

आता आयुर्वेदाकडे येतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राचे पहिले १९ अध्याय फक्त डोळ्यांवर आहेत. त्यांत ७६ नेत्ररोग सांगितले आहेत आणि त्यांतला एक शुष्काक्षिपाक. सुश्रुतांचं वर्णन असं: डोळा आक्रसलेला, पापण्या कडक आणि रूक्ष, दिसताना गढूळ दिसतं, आणि उघडताना फार त्रास होतो. वाग्भटांनी त्यात खुपणं, टोचणं, कोरडेपणा आणि थंड काहीतरी डोळ्यावर ठेवावंसं वाटणं हेही घातलं. वातासोबत पित्ताचाही त्यात हात आहे असं ते म्हणतात. या दोन वर्णनांतलं 'गढूळ दिसतं' आणि 'थंड हवंसं वाटतं' हे मी रोज दवाखान्यात ऐकतो. आजचा 'ड्राय आय' आणि शुष्काक्षिपाक हे तंतोतंत एकच, असं मी म्हणणार नाही. जुन्या नावावर नवं लेबल चिकटवण्याची आम्हा वैद्यांना जरा घाई असते. पण ज्याने हे लिहिलं त्याने असे डोळे जवळून बघितले होते, एवढं नक्की.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती सुश्रुतांनी दिलेली नेत्ररोगांच्या कारणांची यादी. उन्हातून तापून आल्यावर एकदम पाण्यात शिरणं, झोपेची वेळ उलटीपालटी होणं, सतत रडणं, राग, शोक, धूर, नैसर्गिक वेग अडवणं, आलेले अश्रू दाबून धरणं. आणि सूक्ष्मनिरीक्षण, म्हणजे बारीक वस्तूंकडे पाहत राहणं. त्या काळी हे सोनार, लेखनिक, शिवणकाम करणारे यांच्यासाठी लिहिलं असेल. आज मोबाईलवर सहा इंचांत अख्खं जग बघणाऱ्या आपल्या सगळ्यांना ते लागू आहे. झोपेची उलटापालट आणि सूक्ष्मनिरीक्षण ही दोन कारणं एकत्र आली की त्यालाच आपण रात्रपाळी म्हणतो. (याच यादीत आंबवलेले पदार्थ, कुळीथ आणि उडीदही आहेत. हुबळीत राहून इडली-दोसा सोडायला सांगण्याची माझी हिंमत नाही. रोज रात्री अकराला गिरमिट आणि मिरची-भजी खाणाऱ्यांनी मात्र थोडा विचार करावा.)

सांगायचं ते हे, की आयुर्वेदाने कारण काढून टाकण्याला पहिली चिकित्सा मानलं आहे, निदान-परिवर्जन. लोकांना मात्र ते सोडून थेट थेंब हवा असतो. कारण तसंच ठेवून तूप घाला, मध घाला, अमुक अर्क घाला, यातलं काहीही टिकणार नाही.

मग घरी काय करायचं?

झोप आधी. रात्रपाळी सुटत नसेल तर दिवसाची झोप तरी सलग, अंधाऱ्या खोलीत आणि ठरलेल्या वेळी घ्या. पंख्याचा आणि एसीचा झोत चेहऱ्यावर येणार नाही असा पलंग फिरवा. हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडा खाली ठेवा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघा आणि आठ-दहा वेळा पापण्या पूर्ण मिटा. अर्धवट मिटलेली पापणी तेल पसरवत नाही.

रात्री स्वच्छ रुमाल गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच-सात मिनिटं ठेवा. मनगटावर सोसेल एवढाच गरम. मग पापणीच्या कडेवरून हलक्या बोटाने चोळा, वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर. साचलेलं घट्ट तेल यामुळे सुटतं. नेत्रतज्ज्ञही हेच सांगतात आणि आमच्याकडचं मृदू स्वेदन याहून फार वेगळं नाही. डोळे लालभडक असतील, पू असेल किंवा खूप दुखत असतील तर हे करू नका.

डोक्यावरून कढत पाणी घेऊ नका. अंगाला गरम पाणी बळ देतं, पण डोक्यावर घेतलं तर केस आणि डोळे दोघांनाही ते मानवत नाही, असं वाग्भट दिनचर्येत सांगतात. धारवाडच्या थंडीत हे पाळणं जड जातं, तेव्हा निदान कोमट तरी घ्या.

आता आजीचा उपाय: काशाच्या वाटीने तळपाय घासणं. तळव्याला तूप किंवा तेल लावायचं आणि काशाची वाटी फिरवत राहायचं, दहा मिनिटांत वाटी काळी होते. वाटी काळी झाली म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडली, असं घरोघरी सांगतात. ते खरं नाही. तेल आणि धातू घासले जाऊन तो काळेपणा येतो. वाग्भटांनी लिहिलंय की पायाच्या मध्यातून दोन मोठ्या शिरा डोळ्यांपर्यंत जातात. शवविच्छेदनाच्या टेबलावर आम्हाला तशी शीर कधी कुणी दाखवली नाही. तरीही हा उपाय मी आवर्जून सांगतो, कारण पाय चोळून घेतलेल्या माणसाला झोप लागते. अभ्यंगाच्या फायद्यांत दृष्टी स्वच्छ होणं आणि चांगली झोप ही दोन्ही एकाच ओळीत सांगितलेली आहेत. शिवाय पाय चोळताना हातात मोबाईल धरता येत नाही, हा माझ्या मते त्यातला सर्वांत मोठा गुण.

तूप पोटात जाऊ द्या. गरम भाताला, भाकरीला चमचाभर. शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पिकलेला आंबा-पपई, अंडी खात असाल तर अंडी. अ जीवनसत्त्वाची कमतरता हे डोळे कोरडे पडण्याचं एक खरंखुरं कारण आहे, आणि आहारात अजिबात स्निग्धता न ठेवता महिनोन्‌महिने डाएट करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. इथल्या बाजारात होनगोन्ने सोप्पु नावाची पालेभाजी मिळते, कानडी घरांत ती डोळ्यांसाठी मुद्दाम करतात. मुगाची डाळ घालून छान लागते. औषध म्हणून नका खाऊ, भाजी म्हणून खा.

रात्री त्रिफळा तूप-मधातून घेणं हा डोळ्यांच्या बळासाठी वाग्भटांचा प्रसिद्ध सल्ला. तूप आणि मध समप्रमाणात घ्यायचे नाहीत. मधुमेह असेल, पोट सैल असेल, गरोदर असाल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि त्रिफळ्याच्या काढ्याने घरी डोळे धुणं तर नकोच. कितीही गाळला तरी त्यात चूर्णाचे कण राहतात आणि तो निर्जंतुक नसतो. कोरड्या डोळ्यावर ते कण म्हणजे खरकागद.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मागच्या उन्हाळ्यात हॉस्टेलवर राहणारा एक मुलगा माझ्याकडे आला. कॉन्टॅक्ट लेन्स वापरायचा. डोळे कोरडे वाटतात म्हणून कुणीतरी त्याला गुलाबपाणी आणि मध सांगितला होता, तोही 'आयुर्वेदिक' म्हणून. चार दिवस घालत होता. त्याला उजेड सहन होत नव्हता, डोळा लाल होता आणि बुबुळावर पांढुरका ठिपका नुसत्या बॅटरीच्या प्रकाशात दिसत होता. मी त्याला काहीही औषध दिलं नाही, रिक्षात बसवून नेत्ररुग्णालयात पाठवलं. बुबुळाला व्रण झाला होता. डोळा वाचला, पण ठिपक्याच्या जागी डाग राहिला आणि त्या डोळ्याने त्याला आता थोडं अंधुक दिसतं. वय वर्षं वीस. लेन्स, मध की गुलाबपाणी, नेमकं कशातून ते जंतू आले ते कुणी सांगू शकलं नाही. पण कोरड्या, ओरखडलेल्या बुबुळावर निर्जंतुक नसलेली कुठलीही गोष्ट घालणं म्हणजे उघड्या जखमेत माती टाकणं आहे. मग ती वनस्पती असो, मध असो, नाहीतर घरचं साजूक तूप.

निर्जंतुक नसलेल्या थेंबांचा धोका फक्त घरगुती उपायांनाच आहे असंही नाही. २०२३ साली अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांमधून एक चिवट जिवाणू पसरला. ८१ जणांना संसर्ग झाला, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा मृत्यू झाला. ते थेंब बनले होते आपल्या शेजारच्या तामिळनाडूतल्या एका कारखान्यात. म्हणून थेंब आयुर्वेदिक असोत वा ॲलोपॅथिक, सीलबंद बाटली, परवाना क्रमांक आणि तारीख बघा. उघडल्यावर महिन्याभरात फेकून द्या, टोक डोळ्याला लावू नका, घरात एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नका. आणि मेडिकलवाल्याकडून "लाली जाण्याचे" थेंब स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्यांत स्टिरॉइड असेल तर डोळा दोन दिवस छान वाटतो आणि आत दाब वाढत राहतो. त्यातून काचबिंदू होतो.

काजळ-सुरम्याचंही तेच. बाजारच्या सुऱ्म्यात शिसं असू शकतं आणि काजळाची रेघ पापणीच्या आतल्या कडेवर ओढली की नेमकी त्या तेलग्रंथींची तोंडं बुजतात. कानडी शेजारणी नंदिबट्टलची, म्हणजे आपल्या तगरीची फुलं पाण्यात भिजवून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवतात. धुतलेली असतील आणि डोळे मिटलेले असतील तर खुशाल ठेवा, गार वाटतं. पिळून रस आत घालू नका.

मग तूप डोळ्यांत घालतच नाहीत का? घालतात, त्याला तर्पण म्हणतात आणि ते मला फार आवडतं. पण ती दवाखान्यातली क्रिया आहे. उताणं झोपवून डोळ्यांभोवती उडदाच्या पिठाची दोन बोटं उंचीची पाळ बांधायची. (वर ज्या उडदाला दोष दिला तोच इथे राखणदार होतो.) औषधांनी सिद्ध केलेलं तूप गरम पाण्यात ठेवून पातळ करायचं आणि पापण्यांचे केस बुडेपर्यंत हळू ओतायचं. मग डोळे सावकाश उघडझाप करायचे. किती वेळ? सुश्रुतांनी मात्रा सांगितल्या आहेत: निरोगी डोळ्याला ५००, कफात ६००, पित्तात ८००, वातात १०००. मात्रा म्हणजे साधारण एकदा पापणी मिटून उघडायला लागणारा वेळ. ज्या आजारात पापणी मिटायचीच राहून गेली आहे, त्याचा उपचार पापण्यांच्या उघडझापीने मोजलाय, याची मला दरवेळी गंमत वाटते.

पहिल्यांदा सगळे घाबरतात. एक-दोन मिनिटांत खांदे सैल पडतात, आणि कितीतरी जण नंतर म्हणतात की इतका वेळ काहीच न बघता राहिल्याला वर्षं झाली. कोरडेपणाला त्याने आराम पडतो हा माझा आणि बऱ्याच वैद्यांचा अनुभव आहे. तुपाची ऊब पापण्यांतलं घट्ट तेल सोडवत असावी, असा माझा तर्क. यावरचे अभ्यास बहुतेक लहान आहेत, मोठे आणि काटेकोर अभ्यास व्हायला हवेत, तेव्हा 'कायमचं बरं होतं' असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. ढगाळ दिवशी, फार उन्हात वा थंडीत, चिंतेत किंवा दमलेलं असताना तर्पण करू नये असं ग्रंथातच आहे. संसर्ग, बुबुळाची जखम किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर अजिबात नाही. लेन्स आधी काढून ठेवायची. तूप आणि भांडी निर्जंतुक कशी करता, हे वैद्यांना विचारायला लाजू नका. चांगला वैद्य त्याचा राग मानत नाही. आयुर्वेद महाविद्यालयांत डोळ्या-कानाचा वेगळा शालाक्य विभाग असतो. जुन्या हुबळीत हेग्गेरीला असं महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, तिथे चौकशी करा. तर्पणानंतर तास-दोन तास अंधुक दिसतं आणि उजेड टोचतो, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोबत न्या.

पण माझ्याकडे किंवा कुठल्याही वैद्याकडे येण्याआधी एकदा नेत्रतज्ज्ञांकडे डोळे तपासून घ्या. किम्स तर विद्यानगरातच आहे. ते पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत किती ओली होते ते बघतात. पाच मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे पाणीच कमी तयार होतंय. मग वेगळा शोध घ्यावा लागतो. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर तो डोळ्यांपुरता प्रश्न नसतो. ॲलर्जीच्या गोळ्या, मुरुमांसाठीच्या काही गोळ्या, मनाच्या आजारांवरची काही औषधं यांनीही डोळे कोरडे होतात. ती औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. घरातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना पाळी जाताना हा त्रास सुरू होतो आणि त्या तो कुणाला सांगत नाहीत, तेव्हा स्वतःबरोबर आईलाही घेऊन जा. आणि एका डोळ्यात जास्त दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसणं कमी झालं असेल किंवा बुबुळावर काही दिसत असेल तर त्याच दिवशी जायचं. रविवार असला तरी.

एक प्रश्न उरला, तोही चौघांनी विचारलाय. त्रिफळा-तुपाने चष्म्याचा नंबर जातो का? नाही. लांबचं न दिसण्याचा नंबर बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा लांबल्यामुळे येतो, तो तुपाने आखूड होत नाही. कोरडेपणामुळे मधूनमधून अंधुक दिसत असेल तर तेवढं मात्र सुधारतं, आणि लोकांना वाटतं नंबर गेला. मी स्वतः चष्मा लावूनच हे लिहितोय.